उसाच्या शेतातली छोटी गाडी



आगमन सोहळ्याच्या या प्रदर्शनात एका टेबलावर आम्ही उसाचे शेत मांडले आहे. त्यातून अरुंद रुळांची छोटी रेल्वे जाते. पूर्वजांच्या स्मृतिसोहळ्यात खेळण्यातली गाडी कशाला, असे काहींनी आम्हाला विचारले. त्याचे उत्तर आज देतो.

मॉरिशसची मोठी रेल्वे १८६४ साली सुरू झाली. १९५६ साली तिची प्रवासी वाहतूक थांबली आणि १९६४ साली ती बंद झाली. ती अनेकांना आठवते. पण साखर इस्टेटींच्या आत दुसरी, लहान रेल्वे होती. तिच्या दोन रुळांतले अंतर बहुधा ६० सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या रेल्वेच्या निम्म्याहून कमी. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्यातली साखर घटते, म्हणून शेतापासून मिलपर्यंत हे रूळ गेले. देकोव्हिल नावाच्या फ्रेंच पद्धतीत रूळ आणि लोखंडी स्लीपर आधीच जोडलेले असत. ते तुकडे माणसे उचलून शेतात टाकीत, ऊस निघाला की पुढच्या शेतात नेत. आत बैल किंवा खेचरे वाघिणी ओढीत; पक्क्या मार्गावर इंजिन येई.

आमची प्रतिकृती १:३५ या प्रमाणात आहे. बाजारात मिळणारा १६.५ मिलिमीटरचा रूळ या प्रमाणात साठ सेंटिमीटरच्या जवळ बसतो. त्या रुळाचे स्लीपर फार दाट असतात, म्हणून एक सोडून एक कापले आणि उरलेले मातीत पुरले. शेतातल्या रुळाखाली खडी नसे, गवतच असे. माती आपल्याच शेतातली आहे, वाळवून, वस्त्रगाळ करून, पातळ गोंदावर पसरलेली. घायपाताचे तंतू रंगवून ऊस केला. तीन मीटरचा ऊस इथे साडेआठ सेंटिमीटर होतो आणि माणूस साडेचार. ऊस डोक्याच्या किती वर जातो ते मुलांनी वाकून पाहावे. शेतात उभ्या असलेल्या बाईला पलीकडचे काहीच का दिसत नसे, ते मग सांगावे लागत नाही.

अशा छंदासाठी तयार शेते विकत मिळतात. त्यांत लाल कौलांचे घर, मेंढ्या, गवताची गंजी, दुधाचे कॅन असतात. ते युरोपातले शेत. आपले तयार मिळत नाही. १:३५ मध्ये माणसे मिळतात ती मुख्यतः सैनिकांची. आम्ही त्यांच्या हातातल्या बंदुका काढून कोयते दिले, शिरस्त्राणे घासून मुंडासी बांधली, आणि पुटीने लुगडी नेसवून त्यांतल्याच काहींच्या बाया केल्या. एकही आकृती रिकाम्या हाताने उभी नाही. अपवाद फक्त सरदाराचा. त्याच्या हातात हजेरीची वही आहे.

आमच्यात सर्वांत जास्त वाद झाला तो दगडांवरून. टेबल १२० सेंटिमीटर लांब आणि ६० रुंद. खऱ्या मापात ही जमीन ४२ मीटर बाय २१ मीटर, एवढीच. एवढ्याशा जागेत दगडांचा ढीग घातला तर गाडीला वळण कुठे मिळणार? तरीही ढीग घातला, तोही अगदी पुढे. मॉरिशसची जमीन ज्वालामुखीची. काळे दगड हातांनी वेचून रचले, तेव्हा कुठे ऊस लावायला माती मोकळी झाली. ते ढीग आजही शेतांत उभे आहेत आणि आपण मोटारीतून त्यांच्याजवळून जातो. कोकणातून, घाटावरून आलेल्यांना काळा दगड नवा नव्हता. पण तो दुसऱ्याच्या शेतातून, करारावर, महिना पाच रुपयांत उचलणे नवे होते. एक दिवस कामावर नाही तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. हे प्रतिकृतीत दाखवता येत नाही. म्हणून ढिगाशेजारी पाटीवर लिहिले आहे.

सुंदर हिरवे शेत आणि त्यात धावणारी गाडी, एवढेच ठेवले असते तर पाहुणे खूश झाले असते. पण ते इस्टेटीच्या मालकाने व्हरांड्यातून पाहिलेले शेत झाले असते. आपले आजे-पणजे त्या शेताच्या आत होते.

म्हणून आमची गाडी बटण दाबताच सुटत नाही. वाघिणी रिकाम्या उभ्या असतात. बाजूला उसाच्या छोट्या मोळ्या ठेवल्या आहेत. मुलांनी त्या आपल्या हातांनी भरायच्या. सगळ्या वाघिणी भरल्या की मगच आम्ही इंजिन चालू करतो. मुले कंटाळतात, "अजून किती?" म्हणून विचारतात. तो प्रश्न आम्हाला हवाच आहे.

शेवटी एक विनंती. घरी जुना कोयता, कुदळ, कांपातल्या घराचा फोटो असेल तर तो आम्हाला दाखवा. आजीने शेतातल्या वस्तूंना वापरलेले मराठी शब्द आठवत असतील तर तेही सांगा. फोटोवरून आम्ही वस्तू घडवू आणि शब्द पाटीवर लिहू. टेबलावर अजून थोडी जागा आम्ही मुद्दाम मोकळी ठेवली आहे.