रात्र आणि लोकमत

दिवसा मनुष्य चारचौघांत असतो. रात्रीं ते चारचौघे त्याच्या मनांत येऊन बसतात. घरांतले दिवे मालवले, गोदाकांठची वर्दळ थांबली, कीं दिवसा सहज कानाआड केलेला एखादा शब्द पुन्हां ऐकूं येऊं लागतो. 'लोक काय म्हणतील?' हा प्रश्न उशाशीं येतो आणि झोप निघून जाते. नवल असें कीं, ज्यांच्या निकालाची एवढी धास्ती, ते सारे त्या वेळीं स्वस्थ झोपलेले असतात!

जागरणाचा विषय निघाला म्हणजे नाशिककरांना एका पुरुषाची आठवण होणें स्वाभाविक आहे. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्मले. चाळिशीच्या सुमारास, भागीदारांशीं न पटल्यामुळें, त्यांनीं छापखान्याचा धंदा सोडला. आणि ख्रिस्तचरित्रावरील एक मूक चित्रपट पाहून, आपल्या देवादिकांचीं चित्रें पडद्यावर हालतीं करण्याचा ध्यास घेतला. हातीं पैसा नाहीं, पदरीं मुलेंबाळें! शहाणेसुरते लोक त्यांना वेडा म्हणूं लागले.

त्या काळीं दिवसाकाठीं तीन तासांपेक्षां अधिक झोप मिळत नसे, असें त्यांनींच पुढें लिहिलें. पण तें जागरण लोकनिंदेच्या चिंतेचें नव्हतें. 'लोक काय म्हणतील?' याची जागा 'हें चित्र हालतें कसें?' या प्रश्नानें घेतली होती. तरीहि देहानें आपलें देणें वसूल केलेंच. कांहीं काळ त्यांची दृष्टि गेली. उपचारांनीं ती परत आली.

निंदकांशीं त्यांनीं वाद घातला नाहीं. कुंडींत वाटाणा पेरला, ठराविक वेळानें त्याचें एकेक चित्र घेतलें, आणि तीं सलग दाखवितांच अंकुर फुटून रोप वाढतांना दिसलें. वस्तुतः प्रत्येक चित्रांत रोप निश्चलच होतें. त्यांतलें एकच पाहणारा 'हें वाढत नाहीं' असेंच म्हणाला असता. माणसाविषयींचे निकाल बहुधा असेच एका चित्रावरून दिलेले असतात. मध्यरात्रीं त्यानें स्वतःविषयीं दिलेलेहि. पत्नी सरस्वतीबाईंनीं मात्र निकाल दिला नाहीं. आपले दागिने दिले.

३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. त्याच सालीं फाळके नाशिकास आले आणि येथेंच त्यांनीं पुढील अनेक चित्रपट काढले. वेडा म्हणणारे आतां वाखाणूं लागले. पुढें बोलपट आले आणि लोक त्यांना विसरले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिकांतच त्यांचें देहावसान झालें. त्यानंतर पंचवीस वर्षांनीं, १९६९ सालीं, त्यांच्या नांवें चित्रपटसृष्टीचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला.

वेडा, थोर, विस्मृत आणि पुन्हां वंदनीय! लोकांचा निकाल इतक्या वेळां फिरला. मनुष्य मात्र तोच होता. अशा फिरत्या निकालाच्या भयानें आजची झोप कां दवडावी? दिवा मालवावा, स्वस्थ निजावें, आणि सकाळीं उठून आपल्या कुंडीला पाणी घालावें.