घरांतील पाला: खिडकींतला आणि अंगणांतला

वाड्याच्या चौकांत तुळशीवृंदावन, मोरीच्या पाण्यावर अळू, कुंपणाला अडुळसा. मराठी घरांतील ही बाग कोणी आखून केलेली नसे. पाणी जेथें वाहत जाई तेथें अळू फोफावे, ऊन जेथें दिवसभर पडे तेथें तुळस राही. जागा झाड निवडीत असे. वाडे गेले, चाळी आल्या, चाळींच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. आणि आतां क्रम उलटला आहे. रोप आधीं हौसेनें घरीं येतें आणि मग त्याच्यासाठीं कोपरा शोधला जातो. महिन्याभरांत तें वाळतें, आणि ‘आमच्या हाताला झाड लागत नाहीं’ असें म्हणून गृहिणी त्याचा नाद सोडते. हाताचा दोष त्यांत फार थोडा असतो.

दोष बहुधा उजेडाचा. मनुष्याचा डोळा मोठा फसवा आहे. प्रकाश कमी झाला कीं त्याची बाहुली रुंदावते, आणि खिडकीपासून आठ-दहा फुटांवरचा कोपराही त्याला लख्ख भासतो. झाडाला ही सोय नाहीं. बाहेरच्या प्रकाशाचा अगदीं अल्प अंश त्या कोपऱ्यापर्यंत पोहोंचतो, आणि तेवढ्यावर पानाला आपलें अन्न पुरेसें तयार करतां येत नाहीं. म्हणून रोप आणण्यापूर्वीं एक दिवस खिडकीवर लक्ष ठेवावें. ऊन किती वाजतां येतें, किती वाजतां जातें, हें टिपून घ्यावें.

ही टिपणीही बारा महिने पुरत नाहीं. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १९ अंशांवर आहे. डिसेंबरांत माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, आणि दक्षिणेच्या खिडकींतून ऊन खोलींत आंतपर्यंत शिरतें. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तोच सूर्य माध्यान्हीं डोक्याच्या किंचित् उत्तरेला असतो, आणि ती खिडकी उन्हाला मुकते. हिवाळ्यांत तरारलेली तुळस त्याच जागीं जूनमध्यें कां रुसली, याचा उलगडा येथें होतो. कुंडी उचलून पूर्वेच्या खिडकींत किंवा गच्चीवर न्यावी. तिच्या मंजिऱ्याही वेळच्या वेळीं खुडाव्या. बीं धरूं दिलें कीं झाड लौकर म्हातारें होतें.

कोथिंबीर सर्वांत सोपी समजली जाते, आणि तीच सर्वांत अधिक फसविते. एका धण्यांत दोन बिया असतात. धणे पोळपाटावर हलक्या हातानें रगडून दुभंगावे, रात्रभर भिजवावे, आणि जेथें वाढवावयाचे तेथेंच पेरावे. कारण या रोपाच्या सोटमुळाला उपटून दुसरीकडे लावणें मानवत नाहीं. मग आठ ते पंधरा दिवस वरून कांहींच दिसत नाहीं. या अवधींत घरांतील मुलें रोज माती उकरून पाहतात, तेवढें मात्र थांबवावें. कडक उन्हाळ्यांत ती पानें आवरून फुलावर येते. त्या दिवसांत तिला दुपारची सावली द्यावी.

पुदिना अगदीं उलट स्वभावाचा. बाजारच्या जुडींतील एक जाडशी काडी पेरासकट पाण्यांत ठेवली, कीं आठवड्याभरांत तिला मुळें फुटूं लागतात. अर्ध्या सावलींतही तो वाढतो, परंतु त्याला शेजार सोसत नाहीं. मातीखालून हातपाय पसरीत तो दुसऱ्याची जागा बळकावतो. त्याचें बिऱ्हाड वेगळेंच असावें. गवती चहाला भरपूर ऊन आणि ऐसपैस कुंडी लागते. पानओवा तर विसरलेल्या घरांतही तगतो. मात्र स्वयंपाकांतला ओवा या झाडाचा नव्हे.

उजेडाच्या खालोखाल झाडें मरतात तीं पाण्याच्या अतिप्रेमानें. मुळांनाही हवा लागते. कुंडीला तळाशीं भोंक असावें, त्यावर खापरीचा तुकडा ठेवावा, आणि बोटाच्या पेराइतकी माती कोरडी लागली तरच पाणी द्यावें. पुदिन्याला तेवढी ओल कायम चालते. खालच्या ताटलींतलें पाणी आठवड्यांतून एकदां तरी ओतून ताटली घासावी. डेंग्यू पसरविणाऱ्या डासाला तेवढें पाणी पुरतें, आणि अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस बस होतात.

येथवर प्रश्न स्वयंपाकघराचा होता. औषधाचा प्रश्न निराळा. २०२० सालच्या साथींत गुळवेलीचा काढा घरोघर उकळूं लागला. २०२१ सालीं मुंबईच्या डॉक्टरांनीं गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचें वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. आयुष मंत्रालयानें आक्षेप घेतला, कीं रुग्णांनीं घेतलेली वेल खरी गुळवेल होती कीं तिच्यासारखी दुसरी जाति, हें तपासलेंच नव्हतें. वाद कसाही मिटो. कुंपणावर आपोआप चढलेली वेल केवळ पानाच्या आकारावरून ओळखून उकळणें हें धाडसच होय. अडुळशाचें झाड ओळखीचें असलें तरी त्याचा रस निरुपद्रवी नव्हे. त्यांतील वासिसीन या द्रव्याच्या अभ्यासांतूनच खोकल्यावरील ब्रोमहेक्सिन निघालें. पण तेंच द्रव्य गर्भाशयाला आकुंचन पावावयास लावतें, आणि म्हणून गरोदर स्त्रीला अडुळसा देऊं नये. कुंडीवर झाडाचें नांव, आणि तें कोठून आणलें हें, रंगानें लिहून ठेवावें. शेजारीण अडुळशाचीं चार पानें मागावयास आली, तर तीं आनंदानें द्यावीं. आणि कोणासाठीं हवीं आहेत, हेंही विचारून घ्यावें.