रोहिणीचे अस्तर



१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या अरुंद झालेल्या रोहिणीत फुगा फुगवून ती प्रथमच मोकळी केली. छाती न उघडता झालेला हा उपचार विलक्षणच होता. परंतु साधारणतः तिघांपैकी एका रुग्णाची रोहिणी काही महिन्यांतच पुन्हा आकसू लागे. १९८६ मध्ये धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, आली. तिने आधार दिला, तरी दुखणे संपले नाही.

कारण फुग्याच्या दाबाने रोहिणीचे आतील तलम अस्तर फाटते. ते अखंड असते तोवर रक्त गोठत नाही व खालच्या थरातील स्नायुपेशी शांत राहतात. अस्तर गेले की याच पेशी आत सरकून वाढतात आणि मार्ग पुन्हा बुजतो. २००२-०३ पासून आलेल्या औषधयुक्त स्टेंटने ही वाढ रोखली. पण औषधाला आप-पर भाव नाही. नवे अस्तर विणणाऱ्या पेशीही त्याने मंदावतात. उघड्या जाळीवर गुठळी होऊ नये, म्हणून दोन गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतात.

येथेच मूलपेशींच्या एक्झोसोमचा विचार पुढे आला. एक्झोसोम म्हणजे पेशीने बाहेर सोडलेली, सुमारे ३० ते १५० नॅनोमीटरची पुटिका. तिच्यात प्रथिने व आरएनएचे तुकडे असतात. पूर्वी हुंडी परगावच्या पेढीवर वटे, रोकड जागची हलत नसे. तसेच येथे मूलपेशी जागीच राहते, तिचा निरोप तेवढा पोहोचतो. २०२१ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथील संशोधकांनी अशा पुटिकांचा लेप दिलेले स्टेंट उंदरांत बसविले. २८ दिवसांनी अस्तर अधिक लवकर भरल्याचे व मार्ग कमी आकसल्याचे आढळले. प्रयोग मुक्या जिवांवर झाले, हे अहिंसाधर्मीयांना टोचणारच. ते लपवून कौतुक करणे मात्र अप्रामाणिक होईल.

मनुष्याच्या रोहिणीसाठी मान्यता मिळालेले असे औषध अद्याप नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्येच एक्झोसोमच्या नावाने होणाऱ्या विक्रीविरुद्ध जाहीर इशारा दिला होता. जाहिरातीला भुलून लाखो रुपये मोजण्याचे कारण नाही.

तोवर भिस्त त्या दोन गोळ्यांवरच. स्टेंट बसविलेल्या श्रावक-श्राविकांनी पर्युषणात अठ्ठाईसाठी त्या परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते. चउविहार सांभाळणाऱ्यांनी गोळ्यांची वेळ सूर्यास्तापूर्वी आणता येईल का, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे, तपाविषयी गुरुमहाराजांना. पच्चक्खाणाच्या पाठातच समाधी टिकविण्यासाठी औषधाचा आगार ठेवलेला आहे.

जय जिनेंद्र !