भिंत यार्डात, घर जागेवर

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



मला दहा मिनिटं दिलीत, आणि नंतर जेवण आहे, म्हणून थोडक्यात बोलतो.

मी उभी हयात कारखान्यात काढली. तिथे माणूस एका जागी असतो, काम त्याच्यापुढे सरकत येतं. बांधकामावर उलटं. इमारत जागेवर आणि गवंडी, सुतार, फिटर एकामागून एक वर चढतात. एकाला उशीर झाला की बाकीचे बसून. प्लंबर सगळ्यात शेवटी येतो आणि नवी भिंत फोडतो!

सिडकोच्या घरांसाठी एल अँड टीने 2022 साली नवी मुंबईत, बामणडोंगरीला, बारा मजली इमारत उभी केली. 96 घरं, 96 दिवसांत. 1985 भाग आधी साच्यांत ओतले, मग क्रेनने जागेवर बसवले. लोकांना वेगाचं कौतुक. मला विचाराल तर खरा फायदा वेगळा आहे. यार्डात वाईट निघालेली भिंत बाजूला टाकता येते. जागेवर ओतलेला कॉलम पोकळ निघाला तर तो प्लास्टरखाली झाकला जातो, आणि गळती सुरू झाली की आपल्याला कळतं.

सांध्यांचं मात्र जपायला हवं. लंडनला 1968 साली रोनन पॉइंट या 22 मजली इमारतीत गॅसचा स्फोट झाला, एक भिंत निखळली आणि वरपासून खालपर्यंत सगळा कोपरा कोसळला. चौघे गेले. भिंती एकमेकींना पुरेशा जखडलेल्याच नव्हत्या.

आपल्या इमारतीला पंचवीस झाली. उपविधीप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. पुढेमागे पुनर्विकासही येईलच. बिल्डर 'प्रीकास्ट' म्हणाला तर नुसते दिवस विचारू नका. सांधे कोण तपासणार आणि पाइप-वायरिंगचे नकाशे हातात मिळणार का, हे लिहून घ्या. त्या भिंती मागाहून मनाला येईल तशा फोडता येत नाहीत.

आणखी एक. माझं मूळ गाव जव्हारकडचं वांगणी. भातकापणी झाली की त्या भागातली माणसं बिऱ्हाडासकट बाहेर पडतात, वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर. यार्ड आलं की डोक्यावरची घमेली कमी होणार. होऊ देत. पण साचा, क्रेन, वेल्डिंग त्यांना शिकवणार कोण? शिकवलं आणि वर्षभर एका जागी काम मिळालं, तर पोरांची शाळा सुटणार नाही. मला हा फायदा 96 दिवसांपेक्षा मोठा वाटतो. आपल्या करारात असं एखादं कलम घालता येईल का, ते समितीने वकिलांना जरूर विचारावं.