हसतमुखाचे वेतन कोणी द्यायचे?

(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने विनोदी मालिकेवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. १९८० साली अमेरिकेत सुरू झालेली ‘इट्स अ लिव्हिंग’ ही मालिका परवा मुलीने मला दाखविली. लॉस एंजेलिसमधील एका उंच हॉटेलच्या माथ्यावरचे महागडे उपाहारगृह आणि तेथे वाढणाऱ्या स्त्रिया, एवढाच तिचा विषय. एक घटस्फोटित, पदरी मुलगी असलेली, एक संसारी, एकीला नटी व्हायचे आहे. मालिकेच्या नावाचा भाव आपल्या भाषेत सांगायचा तर ‘चाललंय पोटापुरतं’. मीही हसलो. पण हसू ओसरल्यावर जुनी खोड जागी झाली. या बायकांना पगार किती, आणि तो देतो कोण?

अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे टिप मिळविणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून ताशी २.१३ डॉलर दिले तरी पुरते. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. सर्वसाधारण किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलर आहे. मधली तूट गिऱ्हाइकाच्या बक्षिसीने भरून निघावी, न निघाल्यास मालकाने भरावी, अशी ही योजना. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही वजावट नाकारली, हे त्यांना भूषणावह आहे. अन्यत्र वेतनाचा बोजा मालकाच्या खांद्यावरून उतरून गिऱ्हाइकाच्या मर्जीवर जाऊन पडला. जिची रोजी मर्जीवर अवलंबून आहे, तिला चावट बोलण्यालाही हसूनच उत्तर द्यावे लागते. पडद्यावर ज्याला आपण विनोद म्हणतो, त्याच्या मुळाशी हा हिशेब आहे.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्र शासनाने २००५ साली मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बारमधील नृत्यावर बंदी घातली. नाचणे आणि वाढणे ही कामे एक नव्हेत, हे मला मान्य आहे. परंतु दोघींच्या मिळकतीचा आधार एकच होता, आणि तो म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेला पैसा. बंदी आली ती बिअर बार आणि परमिट रूमवर. तीन व त्याहून अधिक तारांकित हॉटेलांना मात्र सूट मिळाली! म्हणजे नीतीसुद्धा दरपत्रक पाहून ठरली. उच्च न्यायालयाने २००६ साली हा कायदा रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निर्णय कायम ठेवला. त्याआधी, २००७ साली, मद्य दिले जाते त्या जागी स्त्रियांना नोकरीस ठेवू नये असे सांगणारे, दिल्लीत लागू असलेले १९१४ च्या अबकारी कायद्यातील कलमही सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले होते. स्त्रीला संरक्षण देण्याच्या नावाखाली तिची रोजी हिरावून घेता येणार नाही, हे त्यातील तत्त्व मोलाचे आहे.

हे सारे वाद तिच्या चारित्र्याभोवती फिरले. तिच्या वेतनाचा प्रश्न त्यात कडेलाच राहिला.

माझ्या विद्यार्थिदशेत आम्ही महालातील एका खाणावळीत जेवत असू. चालविणाऱ्या बाईंना आम्ही मावशी म्हणायचो. महिन्याचे पैसे थकले तर मावशी सर्वांदेखत खडसावीत. आमच्याकडे पाहून गोड हसण्याची त्यांना गरज नव्हती, कारण चूल त्यांची होती. पण चूल आपली असूनही मान सावकाराच्या हाती असू शकते. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्यांची तीच स्थिती होती. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्यांना पुढे नेले ते भांडवलाने आणि संघटनेने; कोणाच्या दयेने नव्हे.

आज नागपुरात वर्धा रोडवर, धरमपेठेत नवनवी हॉटेले उभी राहत आहेत. तेथे काम करणाऱ्या मुलीजवळ ना चूल आहे, ना संघटना. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवण्यासाठी तिची संमती आणि पुरेसे संरक्षण आवश्यक मानले आहे. नोकरी गरजेची असताना अशी संमती कितपत खुशीची असते, हे आपण जाणतो.

म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. पूर्ण किमान वेतन मालकाने द्यावे, टिप त्याहून वेगळी. टिपेची वाटणी कामगारांनीच ठरवावी. रात्रपाळीनंतर घरापर्यंत वाहन मिळावे. हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येते, तेव्हा याच हॉटेलांत मंत्री आणि आमदार जेवतात. त्यांच्या पुढ्यात ताट ठेवणाऱ्या मुलीच्या वतीने हे निवेदन त्यांच्या हाती पडले पाहिजे. मात्र त्याआधी तिच्याशी बोलायला आपल्यापैकी कोणी जाणार आहे काय? तिची पाळी रात्री उशिरा संपते, आणि आपल्या सभा संध्याकाळी सहाला असतात. प्रथम ती वेळ बदलू या.