कारभाऱ्याच्या पोरीसाठी कोण रडलं?

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेतल्या २०१५ च्या एका प्रसंगावर खूप ओरड झाली. स्टार्क घराण्याची लेक सान्सा. लग्नाच्या रात्री नवरा, रॅम्सी, तिच्यावर बलात्कार करतो. तिच्याच घरात वाढलेल्या, आता रॅम्सीचा गुलाम झालेल्या थिऑनला तिथं उभं केलंय. कॅमेरा तिच्यावरून हटतो आणि त्याच्या चेहऱ्यावर थांबतो. शरीर दाखवलं नाही, म्हणून हा संयम म्हणायचा? मला पटत नाही. अत्याचार तिच्यावर आणि रडणं त्याचं!

मूळ पुस्तक सौम्य होतं असं मुळीच नाही. जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’मध्येही (२०११) हे थिऑनच्याच नजरेतून येतं, आणि तिथला छळ जास्त भयंकर आहे. पण तिथली नवरी जेन पूल, स्टार्कांच्या कारभाऱ्याची मुलगी. सान्साची बहीण आर्या म्हणून तिला खपवलेलं. स्वतःचं नावही उरलेलं नाही. तिचे हुंदके सरदारांना अस्वस्थ करतात, ते ती स्टार्कांची लेक या समजुतीनं. मालिकेनं जेनला या कथेतून वगळलं, तिच्याबरोबर हा सगळा विचारही गेला. पडद्यावर जेन असती तर एवढी ओरड झाली असती का, मला शंका आहे.

पुढे २०१९ च्या शेवटच्या पर्वात सान्साच म्हणते की, हे भोगलं नसतं तर मी भोळीच राहिले असते. म्हणजे छळानं बाई घडते! सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांना नातेवाईक हेच ऐकवत असतात.