जलमार्गाचा पहिला दरवाजा
(मिरजोळे येथे दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)



गंगेवर फराक्का येथे नदी आणि कालवा यांच्या पाण्याची पातळी भिन्न असूनही जहाज एकातून दुसऱ्यात सुखरूप जाते. ही किमया जलपाशाची, म्हणजेच ‘लॉक’ची. दोन टोकांना दरवाजे असलेला हा लांबट हौद. जहाज आत आले की मागचा दरवाजा मिटतो. झडपांतून वरचे पाणी आत सोडले जाते आणि पाण्याबरोबर जहाज उचलले जाते. दोन्हीकडचे पाणी समपातळीत आल्यावरच पुढचा दरवाजा उघडतो. उतरताना क्रम उलटा. जहाज उचलण्याचे कष्ट पाणीच घेते.

मात्र जलपाश उंचीवर मात करतो, गाळावर नाही. कोलकाता बंदरातील गाळ वाहून जावा, याच हेतूने १९७५मध्ये फराक्का बंधारा आणि सुमारे ३८ किलोमीटरचा कालवा कार्यान्वित झाला. १९८६मध्ये हल्दिया ते अलाहाबाद, म्हणजे आजचे प्रयागराज, हा १६२० किलोमीटरचा मार्ग पहिला राष्ट्रीय जलमार्ग ठरला. तेथेही खोली राखण्यासाठी गाळ उपसावाच लागतो.

आपल्या कोकणाला तर निसर्गाने बिनखर्चाचा जलपाश दिला आहे. तो म्हणजे भरती! दिवसातून दोनदा पाणी चढते. त्याच्या आधाराने गलबते गोवळकोट, संगमेश्वर, राजापूरपर्यंत जात आणि तेथून माल घाटावर चढे. पुढे रस्ते आले, रेल्वे आली. पण खाड्याही उथळ झाल्या. २०१६च्या कायद्याने दाभोळ खाडी-वाशिष्ठी आणि जयगड खाडी-शास्त्री हे राष्ट्रीय जलमार्ग ठरले. परंतु कायद्याच्या कागदाने नदीला खोली येत नाही. जुलै २०२१च्या महापुरानंतर वाशिष्ठीतील गाळ काढावा म्हणून चिपळूणकरांना उपोषणास बसावे लागले. त्यानंतर गाळ उपसण्यास आरंभ झाला. पण डोंगर उघडे राहिले, तर आषाढाचा पाऊस पुन्हा माती आणणारच.

मिरजोळ्याला बंदर नाही, हे खरे. तरीही आपल्या उघड्या उतारावरची माती पऱ्ह्यातून खाडीकडेच जाते. म्हणून बांध राखणे, झाड जगवणे, डोंगर बेबंद न कापणे, ही जलमार्गाचीच सेवा होय. शासनाने गाळ उपसावा, ही मागणी आपण अवश्य करू. परंतु तो खाली जाऊ न देणे आपल्या हाती आहे. कोकणच्या जलमार्गाचा पहिला दरवाजा आपल्या वरकस जमिनीच्या बांधावर आहे. त्याची राखण आपणच करायची आहे.